कपडे जाळणारी बाई

फोन घरभर फिरून शेवटी शालनच्या हातात आला, तोवर घरातल्या सगळ्यांचं तिला बघून झालं होतं.

तिला म्हणजे फोनमधल्या तिला. परसात पत्र्याच्या घमेल्यापुढं उकिडवी बसलेली, तोंडावर जाळाचा उजेड, हातात काठी आणि काठीच्या टोकाला नवऱ्याची बनियन. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'नवऱ्याचे कपडे जाळणारी बाई'. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते रेश्मानं, सुनेनं, अंगठ्यानं झाकून धरलं होतं. शालननं तो अंगठा बाजूला केला आणि वाचलं. कुणी म्हणत होतं, बाईचं बरोबर आहे. कुणी म्हणत होतं, डोकं फिरलंय. एकानं तर लिहिलं होतं, फिरलंबिरलं काही नाही, हे गलाईवाले कपड्यांतनं सोनं चोरून आणतात आणि बाया राख धुऊन काढतात. त्याच्याखाली दहाजणांनी त्याचीच री ओढली होती.

"कुणी टाकलं ह्ये?"

रेश्माला सासूच्या तोंडाकडं बघवेना.

पिक्चर शिवांजलीचं होतं, यात शंका नव्हती. शिवांजली ही शालनच्या धाकट्या दिराची, इंद्रजितची पोरगी. सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायची. टीव्हीवर, सिनेमात, पेपरात कुणाला कसं दाखवतात आणि तसंच का दाखवतात, हा तिचा विषय. गेल्या वर्षी तिनं गावातल्या सोनं गाळणाऱ्या गलाई घरांवर फिल्म केली, तिला पुण्यात बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. गावाची छाती फुगली. यात्रा कमिटीनं ठरवून टाकलं, यंदा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, देवळापुढच्या पटांगणात पडदा लावून आपल्या पोरीचं पिक्चर दाखवायचं. सेलम, लुधियाना, गुवाहाटी, जिथं म्हणून गावची माणसं दुकानं घालून सराफांचं सोनं गाळत बसलीत, तिथनं सगळी यात्रेला आलेली असतातच. आणि नेमका आजच सकाळी कुणीतरी त्यातला एक तुकडा कापून फोनवर सोडला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता गलाईवाल्याच्या घरात कपडे का जाळतात, हे या गावात कुणाला सांगायला लागत नाही. वर्षभर भट्टीपुढं वापरलेली बनियन, लुंगी, बसायचं पोतं, पुसायचं फडकं, सगळ्यात सोन्याचा कण अडकतो. ते धुवायचं नाही, टाकायचं नाही. गाठोडं बांधून यात्रेला गावी आणायचं, पुरुष परत गेले की बायकांनी परसात जाळायचं आणि राख धुवायची. राखेत जे निघेल ते घरच्या बाईचं. ही जुनी रीत. शालनच्या कानातली फुलं त्या राखेतनं आलेली होती आणि त्यांचा तिला पाटल्यांपेक्षा जास्त अभिमान होता.

पण फिल्ममध्ये यातलं काही नव्हतं. जाळ होता, तिचं तोंड होतं आणि मागनं शिवांजलीचा शिकलेला, मऊ आवाज होता. 'ती जाळते आहे, वाट पाहण्याची वर्षं.'

शालननं तुकडा परत एकदा लावला. बनियन गेली, लुंगी गेली, आणि मग काठीनं आत ढकललेलं ते पांढरं कापड क्षणभर ताठ उभं राहिलं. जरीची बारीक कड असलेली कॉलर. शालननं तुकडा तिथंच थांबवला. जळणारा सदरा कुणी ओळखत नाही. पण जिनं जाळला ती ओळखणारच.

तो भट्टीचा कपडा नव्हता. नवऱ्याचा, लालासाहेबांचा पालखीचा रेशमी सदरा होता. गेल्या यात्रेत अंगावर घालून देवाला खांदा दिला, दोरीवर वाळत टाकला आणि सेलमला निघून गेले. तिनं तो गाठोड्यात घातला नव्हता, हातानं उचलून जाळात घातला होता. रेशमाचा केस जळल्यासारखा वास सुटला तेव्हा कॅमेऱ्यामागनं शिवांजलीनं विचारलंही होतं, "कसला वास गं मोठी आई?" आणि शालन म्हणाली होती, "आसंल एखादं पायपुसणं." यंदा नवरा सदरा हुडकत होता आणि तो आपण सेलमला नेला होता असं समजून तिथल्या धोब्याला शिव्या घालत होता. शालन ऐकून घेत होती.

बाहेर सोप्यात आवाज चढले तशी ती उठून दाराशी गेली.

"आपलंच दात आन आपलंच ओठ!" लालासाहेब खुर्चीत मावत नव्हते. "बाहेरच्यानं केलं आसतं तर त्येचं तंगडं मोडलं आसतं. पुतणीचं काय मोडू? माझी बायकू कपडे जाळती म्हनं. वाट बघून बघून! अरं, काय कमी केलं मी हिला? स्लॅबचं घर बांधलं, हीर पाडली, पोरगं मार्गाला लावलं. सुखात हाय ती!"

"तात्या, तो तुकडा मी टाकलेला नाही," शिवांजली म्हणाली. प्रवासाची पिशवी अजून तिच्या खांद्यालाच होती. "फिल्ममधनं कुणीतरी काढलाय. संदर्भ तोडून दाखवलं की असंच होतं."

"संदर्भ!" इंद्रजित कडाडला. निवृत्त सुभेदार, मिशीवरनं हात फिरवायला लागला की घर गप होई. "आवाज तुजा हाय का न्हाई त्यात? मग? हुकूम दिला कुणी ह्ये विचारू नगं, गोळी तुज्या बंदुकीतनं गेलीया."

"अप्पा, पुण्यात बायका रडल्या ती फिल्म बघून."

"पुन्याच्या बायका रडल्या म्हनून सेलमचं सराफ मला चोर म्हनायला लागल्यात!" हा विश्वजीत, शालनचा मुलगा. आता दुकान त्याच्या हाती होतं. सकाळपासून त्याचा फोन कानावरनं हटला नव्हता. "मराठी कळत न्हाई त्यास्नी, पर जाळ कळतो, राख कळती. कुणीतरी तमिळमंदी लिवून पाठवलंय त्यास्नी. 'तुमचा माल हितं जळतोय.' आता सांग, ह्येला काय म्हनायचं तुज्या कॉलेजात?"

शिवांजलीनं पिशवी खाली ठेवली. खरं तर तिला यातलं सगळं म्हणता येत होतं. चित्र हा आरसा नसतो, ते कुणीतरी रचतं. रचणाऱ्याच्या मनात एक असतं आणि बघणारा आपल्या जागेवरनं दुसरंच बघतो. पुण्यातल्या बाईला विरह दिसतो, सेलमच्या सराफाला चोरी दिसते, जाळ तोच. वर्गात ती हे फळ्यावर लिहून शिकवायची आणि पोरं उतरून घ्यायची. तेच तिनं आता सोप्यात सांगायला सुरुवात केली. अगदी वर्गात सांगतात तसं.

"बास," लालासाहेब म्हणाले. "माज्याच घरात मला शिकवू नगं. सरळ सांगतो. आज पिक्चर बंद. आन तू फोनम्होरं उभं ऱ्हाऊन बोलायचं, की माझी मोठी आई सुखात हाय, ती भट्टीची कापडं हुती, रीत हाय आमची. खलास."

"तात्या, असं न्हाई चालायचं," विश्वजीत मध्येच म्हणाला.

"का रं?"

"भट्टीची कापडं म्हनला की सराफ म्हननार, बघा, स्वताच्या तोंडानं कबूल केलं. आपल्यात रीत आसंल, त्यांच्या लेखी ती चोरीच." त्यानं एकदा दाराकडं बघितलं. आई तिथं उभी होती हे त्याला दिसलं आणि तरी त्यानं पुढचं बोलून टाकलं, हे शालन मरेपर्यंत विसरणार नव्हती. "त्यापरीस म्हनायचं की आईचं आपरेशन झालं हुतं. त्येच्यानंतर तिचं डोकं जरा ठिकानावर न्हवतं. कपडे कुठलं, काय, तिचं तिला कळंना. बाई मानसाचं आसतं आसं. लोक चार दिस हळहळत्याल आन इसरून जात्याल. दुकान तरी वाचंल."

शालन नवऱ्याकडं बघत राहिली. मुलाचं मुलाजवळ, पोटचा गोळा असला तरी धंदा डोक्यात गेला की माणसाला आई दिसत नाही. पण हा माणूस काय म्हणतो? आता उठून पोराच्या कानाखाली वाजवेल. निदान 'गप बस' म्हणेल. एवढं म्हणाला असता तरी तिनं पोटातला तो सदरा पोटातच जिरवला असता.

लालासाहेबांनी छताकडं बघितलं. मग जमिनीकडं बघितलं. मग म्हणाले, "पोरगं म्हनतंय त्यात तथ्य हाय."

"दादा," इंद्रजितचा हात मिशीवरच थांबला, "वैनीला येडी ठरवायची?"

"आरं येडी कुठं, आजारी म्हनायचं."

"मी मगाशी तुज्या बाजूनं बोलत हुतो. आता न्हाई बोलत. पल्टनीत आसलं काम करनाऱ्याला आमी जवळ उभा करत न्हवतो." इंद्रजित उठला आणि खुर्ची उचलून लेकीच्या बाजूला जाऊन बसला.

शिवांजलीला तेवढाच धीर आला. "बघ ना मोठी आई! हेच तर मी म्हणत होते. बाईची गोष्ट कुणी सांगायची ते पुरुषच ठरवणार. आजवर टीव्हीवर गावाकडची बाई म्हणजे एक तर खाष्ट सासू, नाहीतर डोक्यावर पदर घेतलेली देवी. माणूस म्हणून तिला कुणी दाखवलंच नाही. मी ते मोडायला निघाले होते."

"आन काय केलंस?" शालन उंबरा ओलांडून सोप्यात आली. तिचा आवाज एवढा खाली होता की रेश्मा मागनं घाबरून पुढं झाली. "तिसरी बाई केलीस. बिचारी."

"मोठी आई, तसं नाही..."

"कसं न्हाई? तुला भट्टीचा कपडा ठावं न्हवता? लहानपनी माज्याबरूबर राख धुवायला बसायचीस. कण दिसला की हात लावू देत न्हवतीस मला. ठावं हुतं का न्हवतं?"

"ठाऊक होतं."

"मग सांगितलं का न्हाईस त्यात?"

खोटं बोलायची शिवांजलीला सवय नव्हती. "सांगितलं असतं तर ते नुसतं काम दिसलं असतं. तुझं दुःख दिसलं नसतं."

"माझं दुक्क!" शालन आता खरोखर पेटली. "मला इचारलंस? दोन म्हयने कॅमेरा घिऊन माज्या मागं फिरत हुतीस. चुलीपाशी, गोठ्यापाशी, मी झोपले तरी. एकदा तरी इचारलंस, मोठी आई, तुला काय झालंय? न्हाई. कशाला इचारशील? तुज्याजवळ उत्तर आधीच तयार हुतं, सांगलीसनं घिऊन आलीवतीस. मी निस्ती त्यात बसवायची हुते. भिताडावर फोटू बसवत्यात तशी."

"आता ऐका," लालासाहेब सुटकेनं म्हणाले. "म्हनत न्हवतो मी? तिला काय दुक्कबिक्क न्हाई..."

"तुमी गप बसा!"

या घरात लालासाहेबांना गप बसा असं त्यांच्या बापानंतर कुणी म्हटलं नव्हतं. ते एवढे चकित झाले की खरंच गप बसले.

"कोन म्हनलं मला दुक्क न्हाई? ही म्हनती, मी वाट बगून झिजले. तुमी म्हनता, मी सुखात लोळतीया. आन माझं पोरगं, माज्या दुधावर वाढलेलं, म्हनतंय आईला येडी म्हना, दुकान वाचंल. तिघांनी मिळून माज्या तीन बाया केल्या. मला कवा इचारनार?"

"आई, मी तुज्या भल्यासाठनं..." विश्वजीत पुटपुटला.

"भल्याचं नाव काढू नगंस. आन ऐका सगळी. त्या जाळात एक कपडा भट्टीचा न्हवता." ती नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "धोब्याला शिव्या देताय न्हवं सकाळपास्नं? त्यो गरीब न्हाईच त्यात. तुमचा पालखीचा सदरा मी जाळला. ह्या हातानं. डोकं ठिकानावर ठिवून."

लालासाहेबांचं तोंड उघडं राहिलं. "पालखीचा? देवाच्या खांद्याचा सदरा?"

"व्हय. देवाच्या खांद्याचा. सांगलीला दवाखान्यात माझी पिशवी काढली तवा तुमी काय म्हनला? लगीनसराईचा सीझन हाय, दुकान सोडून येता येत न्हाई. इंद्रजितभावजींनी माज्या कागदावर सही केली. आन म्हयन्यानं यात्रा आली तवा बरं दुकान सोडता आलं! मानाचा खांदा चुकला तर गाव काय म्हनंल! मी आतल्या खोलीत टाक्याला हात लावून पडलेली, आन बाहेर हलगी वाजतीया, आन तुमी नवा सदरा घालून आरशात बगताय. मला इचारलं, 'कसा दिसतो?' कसा दिसतो म्हनं!"

रेश्मानं हळूच पुढं येऊन सासूच्या दंडाला धरलं. विश्वजीतनं बायकोकडं डोळे वटारले, पण तिनं हात काढला नाही.

आणि मग शिवांजलीनं घोळ केला. हा घोळ शिकलेल्या माणसालाच जमतो. तिचे डोळे चमकले. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मोठी आई... म्हणजे मी बरोबरच होते! तो राग होताच त्यात. मला तो दिसला होता!"

शालन तिच्याकडं वळली. मगाशी नवऱ्यावर जेवढी तापली नव्हती तेवढी आता तापली.

"तू बरूबर न्हवतीस. तुला ठावंच न्हवतं. आंधळ्यानं फेकलेला धोंडा लागला म्हनून त्येला नेम म्हनत न्हाईत, पोरी. तुला वाट बगनारी बाई पायजे हुती, मी वाट बगत न्हवते. मला राग आलाता. त्येच्यात लय फरक हाय. वाट बगनारी दुसऱ्याची आसती. राग माझा हुता. एवढी एकच गोष्ट ह्या घरात माझी हुती, आन ती तू उचलून पुन्यात नेलीस आन वर तुजा आवाज लावलास."

शिवांजलीचं तोंड पांढरं पडलं. एवढी पुस्तकं वाचून, एवढे तास घेऊन, ज्या गोष्टीसाठी दुसऱ्यांना ती धारेवर धरायची तीच तिच्या हातनं झाली होती, आणि ती तिला आता, या सोप्यात, बापासमोर कळत होती. "चुकलंच की माझं मोठी आई," ती म्हणाली. कॉलेजातली भाषा कुठल्या कुठं गेली. "लय चुकलं. मी न्हाई दावत पिक्चर. कुठंच न्हाई दावत आता. फाईल मोडून टाकते."

"आता कशी शानी झाली," लालासाहेब म्हणाले. त्यांना वाटलं, चला, मिटलं. "त्यो सदऱ्याचा इषय घरातल्या घरात राहू द्या. हिकडं फुटला, हिकडंच पुरला."

"पुरायला मी मेले व्हय?" शालन म्हणाली. "पिक्चर दावायचं."

"आं?"

"आजच दावायचं. गाव आलंय, सगळी गलाईवाली आल्यात, परत वरीसभर गावायची न्हाईत." तिनं शिवांजलीकडं बोट केलं. "पर आवाज बंद करून. बोलनार मी."

लालासाहेबांनी कमिटीला फोन लावला, पण कमिटीचा अध्यक्ष जनरेटरपाशी होता आणि त्याला काही ऐकू येईना. विश्वजीत चप्पल घालून निघाला तर रेश्मा दारात उभी. "जावा," ती म्हणाली, "पर जाऊन काय सांगनार हायसा, आई येडी हाय म्हनून? मग मीबी सांगंन, न्हाई म्हनून. दोगांचं ऐकू द्या गावाला." तो दारातनं परत फिरला. इंद्रजितनं वहिनीसाठी आपली खुर्ची उचलली आणि पटांगणाकडं चालू लागला.

पडदा लिंबाच्या दोन झाडांना बांधला होता. खाली सतरंज्या, पुढं खुर्च्या आणि पहिल्या रांगेत मानकरी. लालासाहेबांना घरी बसायचं होतं, पण मानाची खुर्ची रिकामी राहिली असती तर लोकांनी विचारलं असतं, म्हणून ते आले. सकाळचा तुकडा सगळ्यांच्या फोनवर पोचलेला होता. शालन पडद्याशेजारी उभी राहिली तशी कुजबुज सुरू झाली. शिवांजलीनं माइक तिच्या हातात दिला, कळ कुठली ते दाखवलं आणि खाली बायकांत जाऊन बसली.

पडद्यावर शेतं आली, बंद घरं आली, स्टँडवरची एसटी आली. सगळं मुकं. लोक चुळबुळ करायला लागले. कुणीतरी मागनं ओरडलं, "आवाज वाडवा की!"

"वाडवती," शालन माइकमध्ये म्हणाली. स्वतःचाच एवढा मोठा आवाज देवळाच्या भिंतीवरनं परत आला तेव्हा ती एकदा दचकली. मग तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. "मी शालन. सकाळपास्नं तुमच्या खिशात हाय मी, वळकली आसंल."

कुणी हसलं नाही.

जाळ आला. पडद्यावर तिचं तोंड घमेल्याएवढं झालं. "ह्यो जाळ तुमच्या समद्यांच्या परसात पेटतो," ती म्हणाली. "राखेतली फुलं ह्या पटांगनात कितीतरी बायकांच्या कानात हायती. ज्येला चोरी म्हनायची आसंल त्येनं त्या कानाला हात लावून म्हनावं." बायकांच्या बाजूनं एक हुंकार उठला. पुरुषांत बसलेला विश्वजीत मान खाली घालून ऐकत होता.

"ही बनियन भट्टीची," तिनं पडद्याकडं न बघता सांगितलं. "ही लुंगी भट्टीची. ह्ये पोतं. आन आता येतंय त्ये पांढरं. त्येचं मी सांगनार हाय. कुनाचं हाय आन का जाळलं, सगळं. ही पोरगी चुकीचं बोलली, घरातली त्याहून चुकीचं बोलनार हुती. आता माझं आयका."

पहिल्या रांगेत खुर्ची करकरली. लालासाहेब उठले. अर्धं गाव त्यांच्याकडं बघायला लागलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि वाट काढायला पाय उचलला.

"आवं, बसा," शालन माइकमधनं म्हणाली. "मी बसलेच की इतकी वर्सं."

लालासाहेब खाली बसले.